पुस्तकातल्या मुलीसाठी रडले, आजोबांसाठी नाही

ताई,
मी 19 वर्षांची आहे. मागच्या महिन्यात एक कादंबरी वाचली, 16 वर्षांच्या मुलीला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर होतो, शेवटी ती जाते आणि तिने लिहून ठेवलेली पत्रं बाकीचे वाचतात. रात्री अडीचला संपली. मी इतकी रडले की उशी पालटावी लागली आणि नंतर तीन दिवस डोकं जागेवर नव्हतं. दादा म्हणाला, "अगं गोष्ट आहे ती. आजोबा गेले तेव्हा तर तुझ्या डोळ्यातून टिपूस आला नव्हता." ते खरं आहे. आजोबा दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले होते आणि ते गेले तेव्हा मला रडू आलं नाही, सुटल्यासारखं वाटलं. हे मी आजपर्यंत कोणाला सांगितलेलं नाही. मी खोटी आहे का? अजून एक, माझ्या वर्गातल्या मैत्रिणीला पाच महिन्यांपूर्वी एएलएल निघाला, ल्युकेमियाचाच एक प्रकार, म्हणजे तोच पुस्तकातला. सुरुवातीला एक मेसेज केला होता, भेटायला एकदाही गेले नाही. आता सारखी तिचीच आठवण येते. तिला हे पुस्तक द्यावंसं वाटतं, म्हणजे तिला कळेल की मला कळतंय. देऊ का?
– अडीच वाजताची

अगं,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पुस्तकाचं नाव मुद्दाम काढून टाकलंय, कारण तू शेवट लिहिलायस आणि ज्यांनी अजून वाचलं नाही त्यांच्यासाठी तो फुटायला नको.

तुला वाटतंय की तुझा मोठा प्रश्न "मी खोटी आहे का" हा आहे आणि मैत्रिणीचं आपलं शेवटी जाता जाता लिहिलंय. मला ते उलटं वाटतं. मैत्रिणीच्या दोन ओळीच मला जास्त महत्त्वाच्या वाटल्या आणि त्यावर मी बरंच बोलणार आहे. पण आधी खोटेपणाचं ते ओझं उतरवू, कारण ते घेऊन तू तिच्याकडे गेलीस तर तिला भेटायला म्हणून जाशील आणि तिथे बसून मनातल्या मनात स्वतःचीच परीक्षा देत राहशील.

दादाचं वाक्य घे. गोष्ट आहे ती. हे वाक्य फार जुनं आहे गं. भवभूतीचं उत्तररामचरित म्हणून नाटक आहे, बाराशे वर्षांपेक्षा जुनं, त्याच्या पहिल्याच अंकात हा प्रसंग येतो. वनवास संपलाय, सगळे घरी सुखरूप आलेत आणि लक्ष्मण राम-सीतेला त्यांच्याच आयुष्याची रंगवलेली चित्रं दाखवतोय. शूर्पणखेचं चित्र येतं तशी सीता घाबरते, जणू आत्ता परत ताटातूट होणार. राम तिला समजावतो, अगं चित्र आहे हे. अगदी तुझ्या दादासारखं. आणि थोड्याच वेळात पुढची चित्रं बघताना त्याच्याच डोळ्यांना धार लागते आणि ती लक्ष्मणाला दिसते. चित्र आहे हे त्याला माहीत नव्हतं का? होतंच की, त्यानेच तर सांगितलं होतं. तुलाही ती मुलगी कागदावरची आहे हे पहिल्या पानापासून माहीत होतं. माहीत असलं म्हणून रडू अडत नाही. दादा वाईट हेतूने बोलला असं मला वाटत नाही, तुला तीन दिवस तसं बघून तो घाबरला असेल आणि घाबरलेली माणसं असंच काहीतरी टोचून बोलतात, पण त्याने दोन रडण्यांची जी तुलना केली ती चुकीची होती.

कारण बघ ना, पुस्तक तुला कसं भेटलं. रात्र, दार लावलेलं, कोणी बघत नाही, कोणाला काही द्यायचं-आणायचं नाही, आणि ती मुलगी तीनशे पानं तुझ्या कानात बोलतेय, तिला काय वाटतं, तिला कशाची भीती वाटते, तिला तो मुलगा का आवडतो, सगळं. खऱ्या आयुष्यात आपल्याला कोणाच्याही मनाचा एवढा आतला भाग कधीच ऐकायला मिळत नाही, आईचासुद्धा नाही. आणि आजोबा तुला कसे भेटले? दोन वर्षं कुशीवर वळवायचे, औषधाच्या वेळा, रात्री हाक मारली की उठायचं, त्यांचं चिडणं, आईचं थकणं, आपल्याला कुठे जाता येत नाही म्हणून आलेला राग आणि त्या रागाची लाज. आजोबांच्या मनात काय चाललंय हे ते बोललेच नसतील, त्यांच्या पिढीची माणसं बोलत नाहीत. शेवटच्या दिवशी घर माणसांनी भरलेलं, फोन चालू, आणि सगळे तुझ्या चेहऱ्याकडे बघतायत. अशा गर्दीत रडू येतंच असं नाही.

दुसरं म्हणजे तू आजोबांसाठी रडली नाहीस असं मला वाटतच नाही. दोन वर्षं तू ते दुःख सुट्टं सुट्टं खर्च करत होतीस, त्यांना पहिल्यांदा चमच्याने भरवावं लागलं तेव्हा थोडं, त्यांनी तुझं नाव चुकवलं असेल तेव्हा थोडं. ते गेले त्या दिवशी हातात काही उरलंच नव्हतं. ह्याला नाव आहे, अँटिसिपेटरी ग्रीफ, म्हणजे माणूस जायच्या आधीच केलेला शोक. एरिक लिंडेमन नावाच्या मानसोपचारतज्ज्ञाने 1944 साली ह्याबद्दल लिहिलं, महायुद्ध चालू होतं, आणि त्याने पाहिलं की नवरा युद्धावर गेलाय, तो परत येणार नाही ही भीती मनात धरून काही जणींचा शोक इतका पुरा होऊन जायचा की तो जिवंत परत आला तरी त्याच्यासाठी आत जागाच उरलेली नसायची. सगळ्यांचं असं होत नाही आणि हा काही कोणाच्या प्रेमाचा मोजमाप-तक्ता नाही, पण होतं, आणि तुझं बहुतेक तसंच झालं.

आणि सुटल्यासारखं वाटलं ते. हे तू कोणालाच सांगितलं नव्हतंस, मला सांगितलंस, थँक यू. ज्या ज्या घरात दीर्घ आजार असतो त्या त्या घरात हा विचार असतो, आता संपू दे. त्यांचे हाल संपू दे आणि आपलेही. दोन्ही. "आपलेही" हा भाग कोणी मोठ्याने म्हणत नाही म्हणून प्रत्येकाला वाटतं की आपण एकटेच राक्षस आहोत. नेमक्या ह्याच विचारावर एक किशोरांची कादंबरी आहे, अ मॉन्स्टर कॉल्स, एका मुलाची आई आजारी आहे आणि त्याच्या मनात काय आहे हे तो कोणालाच सांगू शकत नाही. ह्या पुस्तकामागची हकीगतही मला फार लागते. कल्पना शिव्हॉन डाउड ह्या लेखिकेची, तिला ब्रेस्ट कॅन्सर होता, पात्रं आणि सुरुवात तिच्याकडे तयार होती पण 2007 मध्ये ती गेली, लिहून झालं नाही. मग पॅट्रिक नेसने ते लिहिलं आणि 2011 मध्ये पुस्तक आलं. लगेच वाचू नकोस, अजून तुझं ह्या पुस्तकातून बाहेर येणं चालू आहे. महिना-दोन महिन्यांनी वाच, आणि जमलं तर दादालाही दे. मला शंका आहे की सुटल्यासारखं त्यालाही वाटलं असणार आणि तोही गप्प बसलाय.

तुझ्या पुस्तकातली मुलगीसुद्धा कुठून तरी आली असणार. लिटल विमेन ह्या कादंबरीतल्या बेथसाठी दीडशे वर्षं लोक रडतायत, ती लेखिका लुइसा मे अल्कॉटची खरी धाकटी बहीण होती, लिझी, 1856 मध्ये तिला स्कार्लेट फीवर झाला, त्यातून ती पूर्ण सावरलीच नाही आणि 1858 मध्ये 22 व्या वर्षी गेली. पुस्तकाचा पहिला भाग आला तो दहा वर्षांनी, 1868 मध्ये. म्हणजे कोणीतरी दहा वर्षं बहिणीला मनात धरून बसलं होतं. ते पाणी वाचणाऱ्याच्या डोळ्यापर्यंत आलं तर त्यात खोटं काय आहे?

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते. तीन दिवस डोकं जागेवर नसणं ठीक आहे. पण दोन आठवडे होऊन गेले तरी झोप, भूक, अभ्यास काहीच रुळावर येत नसेल, किंवा आजोबांची ती दोन वर्षं सारखी डोळ्यासमोर येत असतील, तर कॉलेजच्या काउन्सेलरकडे किंवा डॉक्टरकडे जा. त्यासाठी काहीतरी मोठं बिघडलेलं असावं लागतं असं नाही.

आता तुझी मैत्रीण.

पुस्तक देऊ नकोस.

एकदम कडक वाटलं असेल तर सॉरी, पण ह्या बाबतीत मला अजिबात शंका नाही. पुस्तकातली मुलगी मरते. तुझी मैत्रीण जगण्यासाठी रोज गोळ्या घेतेय. तू पुस्तक तिच्या हातात ठेवशील तेव्हा तुझ्या मनात असेल "मला कळतंय", आणि तिला मिळेल ते असं, की ही माझ्याकडे बघते तेव्हा हिला हे दिसतं, हिच्या डोक्यात माझी शेवटची पत्रंसुद्धा लिहून झालीयेत. तिने स्वतःहून मागितलं, की अमुक पुस्तक आण, मला वाचायचंय, तर खुशाल दे, काही पेशंटना अशी पुस्तकं आवडतात, त्यांना त्यात त्यांचा राग सापडतो. पण ते तिने ठरवायचं.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये, मी केलेलं आहे. मी 20 वर्षांची असताना माझ्या एका मैत्रिणीला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लिम्फ ग्रंथींचा कॅन्सर झाला. (तिला विचारून लिहितेय हे. ती म्हणाली लिही, पण मला शूर वगैरे करू नकोस.) त्या काळात मी अशा कादंबऱ्यांचा ढीग वाचला होता आणि त्यात प्रत्येक आजारी मुलगी काहीतरी लिहीत असायची, म्हणून मी तिच्यासाठी जाडजूड, कापडी बांधणीची डायरी घेऊन गेले आणि म्हटलं, तुला जे जे वाटतं ते लिही. ती थँक्स म्हणाली. दोन महिन्यांनी गेले तर डायरी उशाशीच होती, कोपरे मळलेले, मला इतका आनंद झाला. ती म्हणाली बघ की. आत तिच्या आईचं अक्षर. 6.10 ताप 99.4. 8 वाजता गोळी. उलटी 2 वेळा. 11.30 ताप 100.2, फोन केला. पानंच्या पानं तेच. आणि मागून उघडली तर तिने आणि तिच्या धाकट्या भावाने खेळलेले फुलीगोळ्याचे डाव, शेकडो, आणि कोण किती जिंकलं त्याचा हिशोब. मला त्या दिवशी वाईट वाटलं, आत कुठेतरी मी तिच्याकडून एका पुस्तकाची वाट बघत होते ना. कितीतरी वर्षांनी लक्षात आलं की त्या अख्ख्या वर्षात मी दिलेली कामाला आलेली वस्तू तेवढी एकच होती, आणि ती त्यांनी त्यांना हवी तशी वापरली म्हणूनच कामाला आली.

तर जाण्याआधी तुझ्या डोक्यातली पुस्तकवाली मुलगी बाजूला ठेवायला मदत होईल म्हणून थोडं खरं सांगते, एएलएलमध्ये साधारण काय होतं ते. कादंबरीत आजारी मुलगी बारीक होत जाते, फिकट, मोठे डोळे. खऱ्या ट्रीटमेंटमध्ये स्टिरॉइड्स असतात आणि त्यांनी बऱ्याचदा चेहरा सुजतो, गोल होतो, भूक अशी लागते की मध्यरात्री उठून खावंसं वाटतं, आणि मूड कधी कसा फिरेल सांगता येत नाही, ती तुझ्यावर खेकसली तर ती तिची तिलाही नको असते. व्हिंक्रिस्टिन नावाचं औषध असतं त्याने पायाला मुंग्या येतात आणि पोट साफ होत नाही, दिवसेंदिवस. ह्यावर कोणी कादंबरीत चॅप्टर लिहीत नाही पण तिचा अख्खा आठवडा त्यात गेलेला असू शकतो. पाठीतलं इंजेक्शन असतं, मेंदू आणि मज्जारज्जूच्या भोवतालच्या पाण्यात औषध सोडतात, ते एकदा नाही, परत परत. केमोनंतर काउंट खाली जातात, म्हणजे इन्फेक्शनशी झगडणाऱ्या पांढऱ्या पेशी कमी होतात, आणि तेव्हा साधा ताप आला तरी तडक हॉस्पिटल गाठावं लागतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे लांबतं. एएलएलची पूर्ण ट्रीटमेंट साधारण 2 ते 3 वर्षं चालते. पहिल्या महिन्यानंतर रिपोर्टमध्ये आजार दिसेनासा झाला तरी थांबवत नाहीत, थांबवलं तर तो परत येतो म्हणून. तुझी कादंबरी एका रात्रीत संपली. तिचं अजून बरंच बाकी आहे, आणि त्यातला बहुतेक वेळ कंटाळ्याचा आहे.

शेवटाबद्दलही बोलू, कारण तुझ्या रडण्यात ती भीती आहे हे मला दिसतंय. 1940 च्या दशकापर्यंत हा आजार झालेली मुलं काही आठवड्यांत नाहीतर काही महिन्यांत जायची, दुसरं काही व्हायचंच नाही. 1948 मध्ये सिडनी फार्बर ह्या डॉक्टरने 16 मुलांना अमिनॉप्टेरिन नावाचं औषध दिल्याचं छापलं, त्यातल्या 10 मुलांना फरक पडला, तोही तात्पुरता, आजार परत आला. पण औषधाने मुलांमधला हा ल्युकेमिया मागे हटू शकतो हे तेव्हा पहिल्यांदा दिसलं. तिथून इथपर्यंत येताना श्रीमंत देशांत एएलएल झालेल्या लहान मुलांपैकी साधारण 90 टक्के पाच वर्षांनी हयात असतात. वय वाढतं तसा आकडा खाली येतो, आणि जिथे उपचार पोचत नाहीत, मध्येच सुटतात, तिथे तो फारच खाली जातो. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात आणि बऱ्याच गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत 30 टक्क्यांपेक्षा कमी. आजार तोच, औषधंही माहीत असलेलीच, आणि तरी एवढा फरक, ह्याचा मला संताप येतो, पण तो आजचा विषय नाही. सांगायचं एवढंच की कादंबरीला शेवट लागतो म्हणून लेखक मुलीला मारतो, तसं प्रत्यक्षात ठरलेलं नसतं. तुझ्या मैत्रिणीचं नेमकं काय हे तिचे डॉक्टर जाणतात, तू इंटरनेटवर शोधत बसू नकोस आणि तिला तर विचारूच नकोस.

मग करायचं काय. आधी पाच महिने गेलीस का नाहीस त्याची माफी, आणि ती छोटी हवी. हे मी जोर देऊन सांगते, कारण अपराधी माणूस फार लांब माफी मागतो, रडतो, आणि मग आजारी माणसाला उठून त्याची समजूत काढावी लागते. तू गेली नाहीस कारण काय बोलावं कळत नव्हतं. बस, तेवढंच सांग, एका वाक्यात. तिच्या आजूबाजूचे अजून पाच-सात जण असेच गायब झालेले असणार आणि त्यातलं कोणी परत आलं तर बहुतेक वेळा राग कमी आणि बरं जास्त वाटतं. राग आला तर येऊ दे, तो तिचा हक्क आहे.

आणि हो, रडू आलं तर? तिच्यासमोर डोळे भरून आले तर काही बिघडत नाही, पण मोठं रडणं घरी येऊन कर, नाहीतर आत्ता दादासमोर कर, त्याला आता कारण माहीत असेल. आजारी माणसाच्या खोलीत सगळे आवाज खाली आणून बोलतात ना, माझ्या मैत्रिणीला त्याचा सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. ती म्हणायची दार उघडलं की सगळ्यांचा व्हॉल्यूम कमी होतो, मी झोपलेली नाहीये. तू नेहमीच्या आवाजात बोल. वर्गात कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणत्या सरांनी कोणाला बाहेर काढलं, कोणी प्रोजेक्ट कॉपी केला आणि पकडला गेला, हे सगळं तिला हवंय, हे तिचंही जग आहे आणि पाच महिने तिला त्यातलं कोणी काही सांगितलं नाहीये कारण सगळ्यांना वाटतं की एवढ्या मोठ्या आजारासमोर असलं काय बोलायचं. तिला आजारावर बोलायचं असेल तर ती विषय काढेल, तेव्हा तू ऐक आणि सल्ला देऊ नकोस, अमक्याच्या मावशीने तमकं खाल्लं आणि ती बरी झाली हे तर अजिबात नको.

"तू किती ब्रेव्ह आहेस", "तू फायटर आहेस", हेही नको. मला माहीत आहे हे प्रेमाने म्हणतात. पण लढाई म्हटलं की मग हरणं आलं, आणि ज्याचं औषध लागू पडत नाही तो काय कमी लढला? सुझन सोन्टाग ह्या अमेरिकन लेखिकेला स्वतःला कॅन्सर झाला होता आणि 1978 मध्ये तिने अख्खं पुस्तक ह्यावर लिहिलं, आजारांवर आपण ज्या उपमा चढवतो त्या पेशंटच्या डोक्यावर किती जड होतात म्हणून. तुझ्या मैत्रिणीने धैर्य वगैरे काही निवडलेलं नाही. तिला सोमवारी सुई आहे म्हणून ती सोमवारी जाते.

बाकी छोट्या गोष्टी. न सांगता जाऊ नकोस, आधी विचार, आणि त्याच दिवशी सकाळी परत विचार कारण काउंट खाली असतील तर भेट रद्द होते आणि ते मनावर घ्यायचं नाही. फुलं नेऊ नकोस, कॅन्सरच्या बऱ्याच वॉर्डांत ताजी फुलं चालत नाहीत. पोचल्यावर आधी साबणाने हात धू, मास्क लाव म्हणाले तर लाव. अर्धा तास बस आणि ती थकायच्या आत निघ. खायचं काही न्यायचं असेल तर तिच्या आईला विचारून, कारण त्यांचे नियम असतात. आईकडेही दोन मिनिटं बघ गं, त्यांना कोणी विचारत नाही. आणि घरच्यांना विचार की रक्त किंवा प्लेटलेट्स लागतायत का. तुझं 18 पूर्ण आहे, वजन आणि हिमोग्लोबिन बसत असेल तर तू देऊ शकतेस. प्लेटलेट्स साधारण 5 दिवसच टिकतात, साठवून ठेवता येत नाहीत, म्हणून त्या देणारे लोक सतत लागत राहतात. तिच्या ब्लड ग्रुपची नसलीस तरी दे, दुसऱ्या कोणाच्या तरी मैत्रिणीला चढेल.

त्या पुस्तकाने तुला काय दिलं हे मी कमी लेखत नाहीये हं. पाच महिने तू तिच्या नावापाशी येऊन फोन खाली ठेवत होतीस, ह्या पुस्तकाने तुला तिथून हलवलं, आणि ते काही थोडं नाही. पण पुस्तक तुझं आहे, तुझ्या शेल्फवर राहू दे. तू लिहिलंस की तिला कळावं मला कळतंय. तुला अजून कळत नाहीये, आणि ते चालतं, ती सांगेल तसतसं कळेल.

मेसेज काय लिहायचा ह्यावर अजून पाच महिने घालवू नकोस म्हणून मीच लिहून देते, तुझ्या भाषेत बदलून घे:

"हाय. मी इतके दिवस गायब होते, काय बोलावं कळत नव्हतं. सॉरी. तुझी आठवण येते. रिप्लाय द्यायलाच पाहिजे असं नाही. यायला चालेल तेव्हा सांग, अर्धा तास येऊन जाईन. तोपर्यंत वर्गातले किस्से पाठवू का?"

आजच पाठव, अडीच वाजता नको, दिवसा पाठव. दोन निळ्या टिक येतील आणि उत्तर येणार नाही असंही होईल. तिचा दिवस कसा आहे तुला माहीत नाही, ती कदाचित वाचून तशीच झोपली असेल. पुढच्या आठवड्यात एक किस्सा पाठव, प्रश्न न विचारता. त्याच्या पुढच्या आठवड्यात अजून एक. आणि ती ये म्हणाली त्या दिवशी तुला सर्दी असेल तर तसं सांगून टाक आणि पूर्ण बरी झालीस की जा.

– ताई